बुडबुडेकाकांचं टेबल

शाळेतली मुलं त्यांना बुडबुडेकाका म्हणायला लागली त्याला वीसेक वर्षं झाली. ज्या मुलांनी हे नाव ठेवलं त्यांचीच मुलं आता त्या शाळेत शिकतात, आणि घरातली जाडजूड भांडी पुढच्या पिढीकडे जावीत तसं ते नाव त्यांच्याकडे आलेलं आहे. नावाचं कारण काकांच्या शर्टाच्या खिशात असायचं. डॉक्टरच्या खिशात पेन, शिंप्याच्या गळ्यात टेप, तशी काकांच्या खिशात वीतभर लांबीची पाणसळ. पिवळी पट्टी, पट्टीत काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. पट्टी कशावरही ठेवली आणि बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या बरोबर मधे थांबला, की ती वस्तू सपाट. नाही थांबला, तर वाकडी. काकांच्या हिशेबाने जगात वाकड्या वस्तूंचं बहुमत होतं आणि ते रोज वाढत होतं.

हुद्दा प्रयोगशाळा परिचर. म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि रसायनशास्त्राच्या बाईंचं मिश्रण बिघडलं की कुणी न सांगता खिडक्या उघडणं. पण हाडाचे ते सुतार. वडिलांचं फर्निचरचं दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि धाकट्याच्या वाट्याला एक रंधा, एक गुण्या, चार पटाशा आणि ही पाणसळ आली. तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खी शाळा सरळ केली. मुख्याध्यापिका बाईंच्या खुर्चीचा एक पाय आखूड होता. बाईंना कित्येक वर्षं वाटत होतं की आपल्याला चक्कर येते. काकांनी पायाखाली लाकडी चकती ठोकली आणि बाईंनी गोळ्या बंद केल्या. यासाठी काकांना वैद्यकीय पदवी मिळायला हवी होती, पण शाळेने त्यांना फक्त उरलेल्या खुर्च्या दाखवल्या.

शाळेबाहेर मात्र या कलेचं फारसं कौतुक नव्हतं. मुलाने नवं घर घेतलं तेव्हा काका-काकू बघायला गेले. सून चहाचा ट्रे घेऊन आली, तर सासरे तिच्या कोऱ्या करकरीत ओट्याशी एक डोळा मिटून वाकलेले.

"काय बघताय बाबा?"

"काही नाही गं. उतार आहे जरा. सांडलं तर पाणी गॅसकडे येईल."

"येऊ दे," सून म्हणाली.

त्या दिवसापासून कुणाकडे जायचं असलं की काकू दारातच हात पुढे करायच्या. "काढा ती खिशातून. हत्यार घेऊन माणसांत जायचं नाही."

काकांना एक खंत होती. ती मोठी होती असं नाही, पण जुनी होती. एकतीस वर्षं नोकरी झाली, शाळेच्या वार्षिक अंकाचे एकतीस गठ्ठे त्यांनीच कपाटात रचले, आणि एकाही अंकात त्यांचं नाव नव्हतं. विज्ञान प्रदर्शनाचे स्टँड त्यांचे, नाटकाचा राजवाडा त्यांचा, बक्षीस समारंभाचं व्यासपीठ त्यांचं. श्रेयनामावलीत शेवटी 'आणि इतर सर्व' असायचं, त्यात ते असायचे. एका वर्षीच्या फोटोत त्यांचा कोपर आला होता, शिडी धरलेला. तो अंक त्यांनी घरी नेऊन काकूंना दाखवला.

"हा कोण?" काकूंनी विचारलं.

"मी."

काकूंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "कोपरच आहे नुसता. बाही तरी इस्त्रीची घालायची."

"पुढच्या वेळी नाव येईल."

"नाव घेऊन काय करायचंय? विजेच्या बिलावर येतंच की दर महिन्याला."

निवृत्तीला आठ महिने उरले असताना शाळेत रोबोट आला.

तो आणला संगणकाच्या सरांनी. हे सर तरुण, उत्साही, गोड बोलणारे. कशालाही नाही म्हणायचे नाहीत आणि कशालाही हात लावायचे नाहीत. आंतरशालेय स्पर्धा होती. एका लांब पुठ्ठ्याच्या नळीतून गुंडाळलेली मोठी सतरंजीसारखी चटई निघाली, तिच्यावर अर्धा चंद्र आणि अर्धा तांबडा ग्रह छापलेला. वर मांडायला प्लास्टिकच्या तुकड्यांची यानं, सौर पंखे, खडक आणि एका विवराच्या काठाला अडकून पडलेला बोटाएवढा अंतराळवीर. मुलांनी चपलांच्या खोक्याएवढा रोबोट बांधायचा, त्याला आज्ञावली लिहून द्यायची आणि सोडायचं. अडीच मिनिटांत त्याने आपला आपण जाऊन पंखे सूर्याकडे वळवायचे, खडक गोळा करायचे आणि अंतराळवीराला उचलून तळावर आणायचं. सगळ्यात जास्त गुण अंतराळवीराला. तो राहिला तर बाकी सगळं करूनही पुढची फेरी नाही.

पाच मुलं निवडली. कॅप्टन नववीतली एक मुलगी, सांगायची कमी आणि विचारायची जास्त. तिच्या जोडीला एक मुलगा, ज्याला वर्गात रेडिओ म्हणत, कारण त्याचं बटण कुणालाच सापडलेलं नव्हतं. उरलेले तिघे रेडिओमुळे आपोआप शांत झालेले.

चटई अंथरायला टेबल हवं होतं. नियमपुस्तिकेत मापं दिली होती.

"दोन बाकं जोडू," सर म्हणाले.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काका चंचुपात्र पुसत होते. इतर माणसं शिवी ऐकून जशी वळतात तसे ते वळले. "बाकं? सर, बाकं म्हणजे काय, उंट आहेत. एकाची पाठ दुसऱ्याला मिळत नाही."

"मग काय करायचं काका?"

"मी करतो."

बारा दिवस, शाळा सुटल्यावर दोन-दोन तास. खाली चौकट, चौकटीला आडव्या पट्ट्या, वर प्लायवुडचा एकसंध तुकडा, कडेने बोटभर उंचीचा सुटा कठडा. सहा पायांना सहा स्क्रू, प्रत्येक पाय केसभर वर-खाली करता येईल असा. रंधा मारून काका टेबलावर गाल टेकवायचे आणि एका डोळ्याने पलीकडच्या टोकाकडे बघायचे. शिपाई आत डोकावला तेव्हा त्याला वाटलं काकांना घेरी आली, म्हणून तो पाणी घेऊन आला. तेराव्या दिवशी काकांनी मुलांना बोलावलं, कॅप्टनच्या हातात एक काचेची गोटी दिली आणि म्हणाले, "मधोमध ठेव."

तिने ठेवली. गोटी थरथरली.

"पंखा बंद करा," काका म्हणाले. "पंख्याने हलतेय."

पंखा बंद झाला. गोटी थांबली. पाच मुलं, एक परिचर आणि काचेच्या कपाटातला हाडांचा सापळा असे सगळे तिच्याकडे बघत राहिले. रेडिओसुद्धा मिनिटभर बंद होता, आणि यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक त्या टेबलाला मिळण्यासारखं नव्हतं.

रोबोटला पुढे एक पंजा होता म्हणून त्याचं नाव खेकडा पडलं. खेकड्याला डोळे असे नव्हतेच. तो चाकाचे फेरे मोजून चालायचा. साडेचार फेरे पुढे, डावीकडे वळ, दोन फेरे पुढे, पंजा खाली. अंधारात घरातला माणूस पावलं मोजून स्वयंपाकघरात जावा तसा. काकांच्या टेबलावर त्याने वीस वेळा अंतराळवीर उचलायला जावं आणि एकोणीस वेळा घेऊन यावं. विसाव्या वेळी बॅटरी उतरलेली असायची. मुलं खूश, सर खूश. सर दर दोन दिवसांनी येऊन खेकड्याबरोबर फोटो काढायचे.

स्पर्धेचा अर्ज भरायची वेळ आली. त्यात मार्गदर्शकासाठी दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत सरांचं नाव. दुसरी कोरी. अर्ज टाचणीने लावून द्यायचं काम काकांकडे आलं तेव्हा त्यांना ती कोरी ओळ दिसली. त्या संध्याकाळी ते मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले आणि चांगली पाच मिनिटं खिडकीच्या बिजागरीबद्दल बोलले.

"काका, बिजागरी ठीक आहे," बाई म्हणाल्या. "तुमचं काय आहे ते सांगा."

"ती दुसरी ओळ रिकामी आहे बाई. अर्जावरची."

बाईंच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्या हसल्या. वाईट नाही हसल्या. "अहो, मार्गदर्शक म्हणजे शिक्षक लागतो ना. असं करू. आपली मुलं पुढच्या फेरीला जाऊ देत. तिथला अर्ज वेगळा असतो. त्यावर तुमचं नाव घालू, मी स्वतः घालीन. मग तर झालं?"

काकांनी ते घरी सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे त्या अंतराळातल्या माणसाला खाली आणला की तुम्ही वर." पण त्या दिवशी त्यांनी काकांचा पांढरा शर्ट धुवायला काढला.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी कॅप्टन टेबलाच्या कडेला उभी होती. खेकडा नुकताच अंतराळवीर घेऊन परत आला होता. रेडिओ त्याला खांद्यावर घेऊन नाचत होता, म्हणजे खेकड्याला.

"काका," ती म्हणाली, "तिथलं टेबल असं नसलं तर?"

"असं म्हणजे कसं?"

"असं सरळ. थोडं कललेलं असलं तर? आपण एकदा एका पायाखाली वही ठेवून बघू या का? खेकडा काय करतो ते कळेल."

"वही कशाला," रेडिओ म्हणाला, "माझं प्रगतिपुस्तक ठेवा. तसंही घरी दाखवण्यासारखं नाही."

मुलं हसली. काका हसले नाहीत. त्यांनी हातातला चहाचा कप बाजूला ठेवला आणि टेबलाच्या पायाकडे असं पाहिलं, जसं कुणी त्यांच्या पोटच्या पोराला लंगडत चालायला सांगितलं असावं.

"माझ्या टेबलाखाली वही?"

"फक्त बघायला काका. लगेच काढू."

"पोरी, वाकडं जगात कुठेही मिळतं. त्याचा काय सराव करायचा? आधी सरळवर नीट चालू दे त्याला."

"सरळवर चालतोय ना पण."

"मग चालू दे की."

कॅप्टनने वही परत दप्तरात ठेवली. विषय तिथे संपला. काकांना त्या दिवशी जरा रागच आला होता, आणि तो त्यांनी संध्याकाळी टेबलाच्या कडांना आणखी एकदा पॉलिश मारून शांत केला.

स्पर्धा एका जुन्या सभागृहात होती. खुर्च्या काढून टाकलेल्या, मोकळ्या जागेत चार टेबलं, दोन-दोन समोरासमोर. एका टेबलापाशी संघ उभा राहायचा तो मंचाकडे पाठ करून, आणि समोरच्या टेबलाचा दाराकडे पाठ करून. भोवती दोरी. दोरीच्या आत मुलं आणि गळ्यात हिरवं कार्ड घातलेले मार्गदर्शक. दोरीबाहेरून कुणी संघाशी एक शब्द बोलला तरी संघ बाद, हे ध्वनिक्षेपकावर तीनदा सांगितलं. सरांच्या गळ्यात हिरवं कार्ड आलं. काकांना पांढरं मिळालं, त्यावर 'पाहुणा' छापलेलं. ज्या संघाचं टेबल आपण बांधलं त्याच्याकडे आपण पाहुणे, याचं काकांना हसू आलं. पांढरा शर्ट, पांढरं कार्ड. लांबून ते कोऱ्या कागदासारखे दिसत होते.

पहिली फेरी. मुलं मंचाकडे पाठ करून. खेकडा निघाला, पंखे वळवले, खडक गोळा केले, अंतराळवीराकडे गेला आणि दोन बोटं अलीकडे, मुलांच्या बाजूला सरकला. पंजा खाली आला तो चंद्राच्या रिकाम्या जमिनीवर. अंतराळवीर शेजारून बघत राहिला.

तीन फेऱ्यांतली सगळ्यात चांगली धरणार होते, त्यामुळे घाबरण्यासारखं नव्हतं. कॅप्टनने आज्ञावलीत दुरुस्ती केली. खेकड्याने जरा पलीकडे रोखून चालायचं. हुशारीचंच काम. पण दुसऱ्या फेरीला त्यांना समोरचं टेबल मिळालं, दाराकडे पाठ करून. या वेळी खेकडा चार बोटं पलीकडे गेला आणि त्याने विवराला धडक दिली.

"याला चक्कर येते," रेडिओ म्हणाला. पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

जेवणाची सुट्टी झाली. संघांचं जेवण वेगळ्या खोलीत होतं, तिथे फक्त हिरव्या कार्डांना प्रवेश. सभागृह रिकामं झालं. काकांनी इकडे तिकडे पाहिलं, दोरीखालून वाकून आत गेले आणि खिशातली पाणसळ टेबलावर ठेवली. बुडबुडा पळाला. काळी रेघ ओलांडून अर्धा बाहेर जाऊन थांबला. त्यांनी समोरच्या टेबलावर ठेवली. तिथेही तसाच, त्याच दिशेला. मग त्यांनी ती जमिनीवर ठेवली आणि त्यांना सगळं समजलं. टेबलं बिचारी सरळ होती. जमीन मंचाकडे उतरती होती. मागच्या रांगेतल्या माणसाला मंच दिसावा म्हणून बांधणाऱ्यानेच ठेवलेला उतार. खुर्च्या काढल्या की तो डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळत नाही. मंचाकडे पाठ केली तर खेकडा आपल्याकडे घसरणार, दाराकडे केली तर आपल्यापासून दूर. मुलांची पहिली दुरुस्ती बरोबर होती. ती फक्त चुकीच्या टेबलावर वापरली गेली.

काकांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. तिसरी फेरी पुन्हा पहिल्याच टेबलावर होती. म्हणजे फक्त एक वाक्य सांगायचं होतं. पहिली दुरुस्ती परत घाला.

"ओ आजोबा," निळा टी-शर्ट घातलेला एक स्वयंसेवक ओरडला, "पाहुण्यांनी बाहेर."

सर दाराशी फोनवर फोटो पाठवत होते. काकांनी त्यांना बाजूला घेतलं आणि धाप लागली असताना जमेल तेवढं सांगितलं. जमीन, उतार, दोन टेबलं, पहिली दुरुस्ती.

"काका, टेबलं आयोजकांची आहेत," सर समजुतीने म्हणाले. "ती तपासणारे आपण कोण?"

"तपासू नका. मुलांना एवढंच सांगा."

"आता मुलांच्या डोक्यात नवीन काही नको. आधीच घाबरलीयत. त्यांना या वेळी आत्मविश्वास हवाय." मग आवाज खाली आणून, "आणि ते आधी खिशात ठेवा बरं. लोक बघतायत."

सरांनी मुलांना आत्मविश्वास दिला. प्रत्येकाच्या पाठीवर एकेक थाप. पलीकडे कॅप्टनने बरंच डोकं खाजवून पहिली दुरुस्ती चूक ठरवली, ती पुसली आणि वर थोडी उलट दिशेला केली.

तिसऱ्या फेरीला काका दोरीला पोट लावून उभे होते. शिट्टी वाजायच्या आधी कॅप्टनने मान वर करून गर्दीत त्यांना शोधलं. काकांनी पाणसळ हातात धरून वर केली आणि तिरकी केली, मंचाच्या बाजूला. पुन्हा एकदा तिरकी केली. बोललं तर संघ बाद झाला असता, हाताचं काही म्हटलेलं नव्हतं. कॅप्टनने बघितलं. तिला वाटलं काका शुभेच्छा देताहेत. ती हसली आणि अंगठा वर केला.

खेकडा चार बोटं अलीकडे येऊन थांबला आणि त्याने फार नेमकेपणाने हवा उचलली. ती तळावर आणून ठेवली. पंच म्हणून उभ्या असलेल्या मुलीने नकारार्थी मान हलवली.

पहिली आली ती एक लहानशी शाळा, तिचे मार्गदर्शक होते खेळाचे शिक्षक, गळ्यात हिरव्या कार्डाबरोबर शिट्टी. त्यांचा रोबोट दिसायला असा, की सामान पडलं आणि चिकटलं. फेरे मोजण्याच्या भानगडीतच तो पडला नाही. टेबलाच्या कठड्याला घासत गेला, कोपरा लागला की वळला, जिन्याचा कठडा धरून उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा. तिन्ही वेळा अंतराळवीर घेऊन आला.

"तुमचं सरावाचं टेबल कसं आहे?" काकांनी त्या शिक्षकांना विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"टेबल कुठलं काका? चार बाकं जोडली, वर जुना फळा आडवा टाकला. असा डुगडुगतो म्हणता. पोरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, सर, याच्यावर सरळ काही चालणार नाही, कठडा धरूनच जायला पाहिजे."

परत येताना बसमध्ये रेडिओ गप्प होता.

आठवड्याने शाळेच्या समितीने अहवाल मागितला. एवढा गाजावाजा झाला, मग हरलो का? मुख्याध्यापिका बाईंनी कॅप्टनला बोलावून विचारलं. मुलगी खरं बोलणारी. ती म्हणाली, खेकडा दर वेळी मंचाकडेच सरकला, म्हणजे तिथे उतार होता, आमचा सराव अगदी सपाट टेबलावर झाला होता, कललेल्या टेबलावर आम्ही कधी चालवून बघितलंच नाही. वहीचं तिने सांगितलं नाही. काका नको म्हणाले हे तर मुळीच सांगितलं नाही. तिने जे सांगितलं तेवढं सरांनी टिपून घेतलं आणि त्याचा नीटस टाईप केलेला कागद झाला.

काकांना सहीसाठी बोलावलं. बाई खुर्चीवर, त्याच सरळ केलेल्या. सर खिडकीशी. काकांनी चष्मा लावला आणि वाचलं. 'सरावासाठीचे टेबल अतिसपाट बनवले गेल्याने मुलांना प्रत्यक्ष परिस्थितीचा अनुभव मिळू शकला नाही. सदर टेबल शाळेचे प्रयोगशाळा परिचर श्री.' आणि पुढे त्यांचं नाव. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. संपूर्ण. ठळक अक्षरात. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

एकतीस वर्षांत शाळेच्या कागदावर नाव आलं ते हे.

"तुम्हाला काही म्हणायचंय का काका?" बाईंनी विचारलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पेन त्यांनी जरा उशिराच पुढे केलं.

सर खिडकीच्या बिजागरीकडे फार बारकाईने बघत होते. काकांना एक वाक्य बोलायचं होतं. जेवणाच्या सुट्टीतलं. ते ओठांपर्यंत आलं. मग त्यांना एक वही आठवली, दप्तरात परत जाणारी. हा कागद लबाडाने लिहिला असेल, पण त्यातली ओळ त्यांनी मनातल्या मनात पाणसळ ठेवून तपासली, आणि बुडबुडा मधोमध थांबला.

"एवढंच बाई," ते म्हणाले. "अतिसपाट असा शब्द नसतो. टेबल सपाट असतं, नाहीतर नसतं."

"बदलू का?"

"राहू दे."

आणि सही केली.

अहवालाची प्रत त्यांना मिळाली. ती त्यांनी घरी नेली नाही. काकूंनी विचारलं, "काय झालं नावाचं?" काका म्हणाले, "आलं." काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कुठे आलं हे विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "शर्ट टाका धुवायला."

पुढच्या वर्षापासून हे सगळं एक बाहेरची संस्था बघणार, तयार टेबल आणि तयार सरांसकट, असं ठरलं. काकांचं टेबल कठडा काढून शिक्षकांच्या खोलीत गेलं. सगळ्यांना ते फार आवडलं. चहाचे नऊ कप काठोकाठ भरून ठेवले तरी थेंब सांडत नाही, पेन जिथे ठेवावं तिथे राहतं. भूगोलाच्या बाई तर म्हणाल्या, असं टेबल सगळ्या वर्गांना हवं. संगणकाचे सर त्याच्या फळ्याकडच्या टोकाला बसायचे, कारण तिथे फोन लावायची सोय होती.

काकांचा शेवटचा दिवस आला. दुपारी एक छोटं भाषण झालं, त्यात त्यांना शाळेचा आधारस्तंभ म्हटलं गेलं, आणि आधारस्तंभाने स्वतःच्या खुर्च्या स्वतः उचलून परत लावल्या. मग सगळे वर्गांवर गेल्यावर ते शिक्षकांच्या खोलीत आले. गुडघे टेकून टेबलाखाली वाकले. खिशातून अहवालाची प्रत काढली. घडी घातली, फळ्याच्या विरुद्ध टोकाला, दाराकडच्या एका पायाखाली सारली, उठून पाणसळ ठेवली. बुडबुडा जागचा हलला नाही. पुन्हा वाकले. घडीची घडी केली. शेजारच्या पायाचा स्क्रू थोडा फिरवला.

"काका, काय करताय?"

कॅप्टन दारात उभी होती. हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा.

"टेबल वाकडं करतोय."

तिने वह्या कपाटावर ठेवल्या आणि जवळ आली. तिला यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नसावं. "किती?"

"त्या दिवशी होतं तेवढं."

ती त्यांच्या शेजारी वाकून बुडबुड्याकडे बघत राहिली. काकांनी आणखी एक घडी घातली. एकतीस वर्षं त्यांनी हेच काम उलट्या बाजूने केलं होतं, त्यामुळे हात सरावलेले होते. बुडबुडा हलला, काळ्या रेघेला टेकला, ती ओलांडून अर्धा बाहेर गेला आणि थांबला. टेबलावरचं लाल पेन स्वतःशी विचार केल्यासारखं जरा डुललं आणि मग फळ्याकडच्या टोकाकडे, सरांच्या खुर्चीच्या दिशेने, सावकाश निघालं.

"आता काय उपयोग याचा?" कॅप्टनने विचारलं.

"काही नाही."

पेन कडेवरून खाली पडलं. दोघांनीही ते उचललं नाही. कॅप्टन खाली वाकून पायाखालची घडी बघत होती, किती जाड आहे ते बोटांनी चाचपून.

"मी वही म्हटलं होतं ना," ती म्हणाली. "वही जास्त झाली असती काका. एवढा कागदच पुरे होता."

काकांनी पाणसळ पुसून खिशात ठेवली. "हो," ते म्हणाले, आणि दिवा मालवायला भिंतीकडे वळले. दुपारचे तीन वाजले होते, दिवा लागलेलाच नव्हता.